नांव आणि वस्तु : वेबवरून येणाऱ्या फाइलींची कथा

नोकरीचा किंवा परीक्षेचा अर्ज संगणकावर भरण्याचा प्रसंग आतां घरोघर येतो. नांव, पत्ता, जन्मतारीख हे रकाने झटपट भरून होतात. घोडें पेंड खातें तें छायाचित्रापाशीं. छायाचित्र २० ते ५० किलोबाइटांचें हवें, सही १० ते २० किलोबाइटांची हवी, अशी कांहींशी अट पडद्यावर लिहिलेली असते, आणि फोननें काढलेलें चित्र तर दोनतीन हजार किलोबाइटांचें भरतें. मग तें लहान करण्याची खटपट सुरू होते. वडील चष्मा सारखा करून मागें उभे राहतात, धाकटा भाऊ शहाणपण सांगतो, आणि तिसऱ्याचौथ्या प्रयत्नाला एकदांची फाइल पोंचल्याची ओळ उमटते. घर सुटकेचा श्वास टाकतें. पलीकडल्या टोकाला मात्र काम तेव्हां कुठें सुरू झालेलें असतें. एका अनोळखी माणसानें एक अनोळखी वस्तु दारांत आणून ठेविली आहे; ती काय आहे, तिच्यावरील नांव खरें कीं खोटें, ती आंत घ्यावी कीं बाहेरच्या बाहेर वाटेला लावावी, हें ठरविणारी एक लहानशी आज्ञावली तेथें पहाऱ्यावर बसलेली असते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. ह्या पहारेकऱ्याला शहाणपण कसें आलें, आणि तें किती ठेचा खाऊन आलें, ही हकीकत सुमारें तीस वर्षांची आहे.

टिम बर्नर्स-ली यांनीं स्वित्झर्लंडमधील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं वेबची कल्पना कागदावर मांडली व १९९० सालीं तिला प्रत्यक्ष रूप दिलें. त्यांचा पहिला ब्राउझर पानें दाखवी, तसाच पानें लिहूंहि देई. परंतु वेब जगभर पसरलें तें वाचण्याचें साधन म्हणून. पानें सांभाळणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. वाचकानें मागावें आणि सर्व्हरनें द्यावें, एवढाच तो व्यवहार होता. ग्रंथालयाच्या खिडकीवर चालतो तसा. वाचकाला उलट कांहीं पाठवावयाचें झालें, तर त्यासाठीं खिडकी नव्हती.

ती खिडकी १९९३ सालीं उघडली. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या एन.सी.एस.ए. ह्या केंद्रांत तयार झालेल्या मोझेक ब्राउझरांत रकाने भरून पाठविण्याचे फॉर्म आले, आणि त्याच केंद्राच्या सर्व्हरबरोबर कॉमन गेटवे इंटरफेस, संक्षेपानें सी.जी.आय., ही व्यवस्था पुढें आली. तिची युक्ति साधी होती. फॉर्मांत काय लिहिलें आहे, तें सर्व्हरला कळत नसे व कळण्याची जरूरहि नसे. त्यानें एक स्क्रिप्ट जागी करावी, "इतके बाइट आले आहेत" असें तिच्या कानांत सांगावें, आणि आलेला सारा मजकूर तिच्यापुढें ओतावा. पुढचें तिनें पाहावें. पाहुण्यांची वही, मागणीपत्रकें, शोधाचीं पानें हीं सर्व ह्या एका व्यवस्थेवर उभीं राहिलीं.

फाइल मात्र ह्या वाटेनें जाईना. एक अडचण अशी कीं, फॉर्मांत फाइल निवडण्याचा रकानाच नव्हता. दुसरी अडचण वहातुकीची. त्या वेळच्या पद्धतींत साधीं इंग्रजी अक्षरें व अंक जसेच्या तसे जात. इतर बहुतेक बाइटांच्या जागीं एक टक्क्याचें चिन्ह व मागें दोन आंकडे अशीं तीन तीन चिन्हें पाठवावीं लागत. पत्त्यासाठीं हें ठीक होतें. चित्राचे किंवा ध्वनिमुद्रणाचे बाइट मात्र बहुतांशीं ह्या दुसऱ्या वर्गांत पडतात, आणि १०० किलोबाइटांचें चित्र वाटेंत सुमारें अडीचशें किलोबाइटांचें होतें. ज्यांना ग्राहकांकडून फाइली घेणें भागच होतें, त्यांना त्यासाठीं निराळा कार्यक्रम लिहून ग्राहकाच्या हातीं द्यावा लागे.

सोडवणूक झाली ती टपालाच्या वाटेनें. इलेक्ट्रॉनिक पत्रांतहि प्रथम केवळ अक्षरेंच जात. नॅथॅनिएल बोरेनस्टीन व नेड फ्रीड यांनीं माइम ह्या नांवाची पद्धति बसविली, आणि जून १९९२ मध्यें ती प्रसिद्ध झाली. एका पत्राच्या पोटांत अनेक भाग ठेवावे, प्रत्येक भागावर तो काय आहे ह्याची चिठ्ठी लावावी, आणि दोन भागांच्या मध्यें एक सीमाचिन्ह घालावें, अशी ती रचना. ११ मार्च १९९२ रोजीं बोरेनस्टीन यांनीं ह्या पद्धतीनें पत्र धाडलें. त्यांत त्यांच्या चौघांच्या हौशी गायकमंडळाचें छायाचित्र होतें व त्यांच्या गाण्याचें ध्वनिमुद्रणहि होतें. ज्या युक्तीवर पुढें जगाचे दाखले, जमाखर्च आणि क्ष-किरणचित्रें इकडून तिकडे गेलीं, तिचा आरंभ असा चार मित्रांच्या गाण्यानें व्हावा, ही गोष्ट मोठी गोड आहे.

झेरॉक्स कंपनींतील अर्नेस्टो नेबेल व लॅरी मॅसिंटर यांनीं हीच रचना फॉर्मासाठीं उचलली. इंटरनेटचे नियम ठरविणारीं जीं पत्रकें निघतात त्यांना आर.एफ.सी. म्हणतात. नोव्हेंबर १९९५ मध्यें बर्नर्स-ली व डॅन कॉनोली यांचें एच.टी.एम.एल.च्या दुसऱ्या आवृत्तीचें पत्रक निघालें, त्याचा क्रमांक १८६६. आणि त्याच महिन्यांत त्याच्या पाठोपाठ नेबेल-मॅसिंटर यांचें १८६७ क्रमांकाचें पत्रक आलें. त्याच्यावर "प्रायोगिक" असा शिक्का होता. त्यांतील सूचना थोडक्या होत्या. फॉर्मांत फाइलीसाठीं एक नवा रकाना असावा; कोणत्या जातीच्या फाइली हव्या, तें रकान्यापाशीं सांगतां यावें; आणि फॉर्म पाठवितांना टक्क्यांच्या चिन्हांऐवजीं मल्टिपार्ट फॉर्म-डेटा ह्या नांवाची माइमच्या घराण्यांतील रचना वापरावी.

ह्या रचनेंत फॉर्माचा प्रत्येक रकाना हा एक स्वतंत्र भाग होतो. आरंभीं सीमाचिन्हाची ओळ येते. मग चिठ्ठी येते. रकान्याचें नांव "छायाचित्र", फाइलीचें नांव अमुक, जात जे.पी.ई.जी. चित्र, असें तीवर लिहिलेलें असतें. नंतर एक कोरी ओळ, आणि तिच्यामागून फाइलीचे बाइट, जसेच्या तसे. ते संपले कीं पुन्हां सीमाचिन्ह. तें चिन्ह फाइलीच्या आंत कुठेंहि येतां कामा नये, म्हणून ब्राउझर तें दर वेळीं नवीन व सहसा न आढळणारें असें बनवितो. शेवटच्या चिन्हापुढें दोन आडव्या रेघा अधिक ओढल्या कीं पत्र पुरें झालें.

चिठ्ठी कोण लिहितें, ह्या प्रश्नाशीं पुढच्या बहुतेक अनर्थांचें मूळ आहे. चिठ्ठी पाठविणाऱ्याच्या संगणकावर लिहिली जाते. सामान्यतः ती ब्राउझर लिहितो व बरीच प्रामाणिकपणें लिहितो. पण सर्व्हरला जें मिळतें तें केवळ बाइटांची एक लांबलचक ओळ असते, आणि तशी ओळ कोणीहि हातानें रचून पाठवूं शकतो. १८६७ क्रमांकाच्या पत्रकाच्या कर्त्यांना धोक्याची जाणीव नव्हती, असें नाहीं. वापरणाऱ्यानें स्वतः सांगितल्यावांचून त्याच्या संगणकांतली कोणतीहि फाइल ब्राउझरनें पाठवूं नये, लपलेल्या रकान्याला तसा अधिकार कधींहि देऊं नये, असें त्यांनीं बजावून ठेविलें. देणाऱ्याच्या घराची काळजी त्यांनीं प्रथम घेतली, हें योग्यच झालें. घेणाऱ्याच्या घरांत काय होईल, हें अनुभवानें कळावयाचें होतें.

नेटस्केपनें ही सोय लौकर उचलली. मायक्रोसॉफ्टच्या तिसऱ्या आवृत्तीला त्यासाठीं निराळें ठिगळ लावावें लागे. पुढच्या आवृत्त्यांत तें लागेनासें झालें.

पलीकडे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांत त्या काळीं पर्ल ह्या भाषेचें राज्य होतें. लॅरी वॉल यांनीं १९८७ सालीं ती प्रसिद्ध केली होती. आलेली ओळ सीमाचिन्हांवर तोडणें, चिठ्ठ्या वाचणें, बाइट मोजणें हें काम प्रत्येकानें नव्यानें करणें म्हणजे दर पाहुण्यागणिक नवी चूल मांडणें. जनुकशास्त्राच्या क्षेत्रांत काम करणारे लिंकन स्टाइन यांनीं सी.जी.आय.-पी.एम. ह्या नांवाचा एक तयार संच लिहून ही कटकट वारली, आणि हजारों स्क्रिप्टा त्याच्या जिवावर चालल्या. त्यांत एक फार चतुर सोय होती. फाइलीच्या रकान्याची किंमत विचारली कीं संच असें कांहीं देई, जें छापलें तर फाइलीचें नांव म्हणून छापलें जाई, आणि वाचूं गेलें तर फाइलीचा मजकूर म्हणून वाचलें जाई. नांव आणि वस्तु एकाच मुठींत! परंतु पाठविणाऱ्यानें त्या रकान्यांत फाइलीऐवजीं नुसता शब्द धाडला तर हातीं काय येतें? नुसता शब्द. आणि स्क्रिप्ट त्या शब्दालाच उघडी फाइल समजून वाचूं पाही. पुढें त्या संचांत खरोखर आलेल्या फाइलींसाठीं वेगळी सोय करण्यांत आली, व फाइल नसेल तर ती कांहींच देत नसे.

हीच चूक पी.एच.पी.मध्यें फार मोठ्या प्रमाणावर घडली. ग्रीनलंडमध्यें जन्मलेले रास्मुस लेर्डॉर्फ यांनीं आपल्या पानावर कोण येऊन जातें हें पाहण्यासाठीं कांहीं लहान आज्ञावल्या लिहिल्या होत्या. त्या त्यांनीं जून १९९५ मध्यें सर्वांसाठीं खुल्या केल्या. झीव सुरास्की व अँडी गुटमन्स हे दोघे पुढें त्यांना मिळाले, आणि १९९८ सालच्या तिसऱ्या व २००० सालच्या चौथ्या आवृत्तीनें ही भाषा जगभर गेली. तिचा मोठा गुण असा कीं, नवशिक्याला ती दारांतून परत पाठवीत नसे.

फाइलींच्या बाबतींत तिनें एक चांगली देवडी बांधली. जुन्या वाड्यांत आलेला माणूस एकदम चौकांत जात नसे. देवडीवर थांबे, वर्दी जाई, मग आंत बोलावणें येई. पी.एच.पी.मध्यें स्क्रिप्ट सुरू होण्यापूर्वींच आलेली सारी ओळ वाचली जाते, सीमाचिन्हांवर तोडली जाते, व प्रत्येक फाइल एका तात्पुरत्या फोल्डरमध्यें, पाठविणाऱ्यानें दिलेल्या नांवानें नव्हे तर भाषेनें स्वतः दिलेल्या नांवानें, ठेविली जाते. मग स्क्रिप्टला वर्दी मिळते. स्क्रिप्टनें तिला आंत हलविलें तर ती राहते. न हलविली तर स्क्रिप्टचें काम संपतांच ती आपोआप पुसली जाते. रचना इतकी नेटकी कीं तींत खोट काढावयास जागा दिसूं नये.

खोट वर्दींत होती. रकान्याचें नांव "छायाचित्र" असलें, तर स्क्रिप्टला चार चल आयते मिळत : एकांत देवडीवरील फाइलीचा ठावठिकाणा, दुसऱ्यांत पाठविणाऱ्यानें सांगितलेलें नांव, तिसऱ्यांत आकार, चौथ्यांत जात. ह्याखेरीज त्या काळच्या पी.एच.पी.मध्यें आणखी एक सोय होती. फॉर्ममधून जो जो रकाना येई, त्याच्या नांवाचा चल न मागतां तयार होई. रकाना "गांव" असेल तर स्क्रिप्टमध्यें गांव नांवाचा चल उभा. नवशिक्यांना ह्याचें केवढें कौतुक! आतां ह्या दोन सोयी शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. कोणी वाकड्या बुद्धीचा मनुष्य आपल्या घरीं बसून स्वतःचा फॉर्म बनवितो. त्यांत "छायाचित्र" हा रकाना फाइलीचा नसतो, साध्या मजकुराचा असतो. आणि त्यांत तो सर्व्हरवरच्याच एखाद्या खाजगी फाइलीचा ठावठिकाणा लिहितो, उदाहरणार्थ जींत माहितीच्या कोठाराचा परवलीचा शब्द लिहून ठेविला आहे अशा फाइलीचा. आकार, जात, नांव हेहि तीन रकाने तो आपल्या हातानें भरतो. देवडीवर कोणीच आलेलें नाहीं. पण स्क्रिप्टपुढें चारी चल ठाकठीक उभे आहेत. ती बिचारी पहिल्या चलांतला ठावठिकाणा वाचते, तेथें जाते, तेथली फाइल उचलते आणि नेहमींच्या शिरस्त्याप्रमाणें सर्वांना दिसणाऱ्या चित्रांच्या फोल्डरमध्यें नेऊन ठेवते. तो मनुष्य मग शांतपणें तें पान उघडतो. एकहि कुलूप फुटलेलें नसतें. पहारेकऱ्यानेंच तिजोरींतला कागद काढून चौकांत टांगलेला असतो.

सप्टेंबर २००० मध्यें ऑस्ट्रेलियांतील सिक्युअर-रिॲलिटी ह्या संस्थेच्या शॉन क्लाउज यांनीं हा प्रकार जाहीर केला. हा दोष कोण्या एका गाफील लेखकाचा नव्हता. प्रचलित रिवाजाप्रमाणें नीट लिहिलेल्या पुष्कळ स्क्रिप्टांना तो लागूं पडत होता. दुकानें, चर्चेचीं पानें, नोकऱ्यांचे अर्ज घेणारे सर्व्हर हे सारे त्या रिवाजावर चालत, आणि लोकांनीं विश्वासानें दिलेली माहिती त्यांच्या पोटांत होती. लेर्डॉर्फ व त्यांचे सहकारी यांना आज दोष देणें सोपें आहे. परंतु ज्या सोयीमुळें सामान्य मनुष्य स्वतःचें पान चालवूं लागला, तीच सोय येथें आडवी आली, हें विसरून चालणार नाहीं. १९९५ सालीं स्वतःच्या पानापुरतें लिहितांना, फॉर्म आपला आहे म्हणजे तो भरून पाठविणाराहि आपल्याच फॉर्मावर बसला आहे, असें धरून चालणें स्वाभाविक होतें. तेंच गृहीत जगभर वापरल्या जाणाऱ्या भाषेंत शिरलें, तेव्हां त्याची किंमत इतरांनीं मोजली.

उपाय तत्काळ झाला. ऑक्टोबर २००० मध्यें निघालेल्या ४.०.३ ह्या आवृत्तींत दोन नव्या क्रिया आल्या. पहिली विचारते : ही फाइल ह्याच फेरीला, देवडीवरूनच आली आहे काय? दुसरी तेंच विचारून, होय असेल तरच, फाइल आंत हलविते. दोन्ही क्रिया पाठविणाऱ्याच्या शब्दाकडे पाहत नाहींत. भाषेनें स्वतः ठेविलेली नोंद पाहतात. डिसेंबर २००१ मध्यें ४.१ ह्या आवृत्तीनें फाइलींची वर्दी एका निराळ्या कोष्टकांत ठेविली. त्यांत साध्या रकान्याला शिरतां येत नाहीं. न मागतां चल उभे करण्याची जुनी सोय एप्रिल २००२ मध्यें मूळ मांडणींत बंद झाली, पण हवी असल्यास चालू करतां येई, आणि जुन्या स्क्रिप्टा मोडूं नयेत म्हणून पुष्कळांनीं ती चालू ठेविली. भाषेंतून ती समूळ गेली मार्च २०१२ मध्यें. दोष कळल्यापासून ती जाण्यास साडेअकरा वर्षें लागलीं. लोकांच्या हातीं एकदां दिलेली सोय काढून घेणें हें संगणकाच्या जगांतहि सोपें नाहीं.

दरम्यान देवडी स्वतःच कच्ची निघाली. २७ फेब्रुवारी २००२ रोजीं अमेरिकेंतील सर्ट ह्या संस्थेनें इशारा प्रसृत केला. स्टेफान एसर यांना पी.एच.पी.च्या त्या भागांत अनेक दोष सांपडले होते, जो भाग आलेली ओळ सीमाचिन्हांवर तोडतो. मुद्दाम वेडीवांकडी रचलेली ओळ पाठविली, तर सर्व्हरचा ताबा मिळविण्यापर्यंत मजल जाऊं शके. हें काम स्क्रिप्ट सुरू होण्यापूर्वींचें. त्यामुळें स्क्रिप्ट कितीहि सावध असली तरी उपयोग नसे. ४.१.२ ही दुरुस्त आवृत्ति तत्काळ निघाली.

फाइलीच्या नांवाचा इतिहास निराळाच आहे. पाठविणारा जें नांव सांगेल त्याच नांवानें फाइल साठवावी, हा मोह प्रथम सर्वांनाच पडला. पण नांवांत दोन टिंबें व एक तिरपी रेघ घातली तर संगणक त्याचा अर्थ "एक पायरी वर जा" असा घेतो, आणि अशा तीनचार पायऱ्या चढून फाइल भलत्याच खोलींत जाऊन बसते. शहाण्या स्क्रिप्टा म्हणून नांवाचा शेवटचा तुकडाच घेतात, किंवा त्याहून बरें म्हणजे नांव स्वतःचें देतात व पाठविणाऱ्याचें केवळ नोंदून ठेवतात. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राउझरची तर अशी खोड होती कीं, तो फाइलीच्या नांवाबरोबर घरच्या संगणकांतील तिचा सारा पत्ता सांगून टाकी. कोणत्या फोल्डरमध्यें, कोणाच्या नांवाखालीं, सगळें. ती पुढें मोडण्यांत आली. पण तोंवर पुष्कळ पानें त्या पत्त्यांतली शेवटची तिरपी रेघ शोधावयास शिकलीं होतीं, व ती न सांपडल्यास अडून बसत. त्यांची समजूत घालण्यासाठीं आजचे ब्राउझर पानावरील आज्ञावलीला एक खोटा पत्ता सांगतात. "फेकपाथ" नांवाचा, जगांत कुठेंहि नसलेला फोल्डर! खोट्याला उघड खोटें म्हणणारा असा प्रामाणिकपणा क्वचितच पाहावयास मिळतो.

मराठी माणसाला नांवाची आणखी एक अडचण फार दिवस बाधली. माइमच्या चिठ्ठ्या मूळच्या इंग्रजी अक्षरांसाठीं बनलेल्या. "जन्मदाखला" असें देवनागरींत नांव दिलेली फाइल पलीकडे प्रश्नचिन्हांची रांग होऊन पोंचे. युनिकोडमध्यें देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे; पण चिठ्ठीवरील नांव कोणत्या लेखनपद्धतींत आहे, ह्याविषयीं ब्राउझर व सर्व्हर यांचें एकमत होण्यास वेळ लागला. आतां यू.टी.एफ.-८ ही पद्धति सर्वत्र रूढ आहे. तींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें. पुष्कळ सर्व्हरांवर नांवाची मर्यादा २५५ बाइटांची असते. म्हणजे देवनागरींत काना, मात्रा, वेलांटी धरून ८५ चिन्हें.

जातीचा प्रश्न सर्वांत बिकट. चिठ्ठीवर "जे.पी.ई.जी. चित्र" लिहिलें आहे, एवढ्यावरून तें चित्र ठरत नाहीं, ब्राउझर बहुधा नांवाच्या शेपटावरूनच तसें लिहीत असतो. मग स्क्रिप्टा फाइलीचे पहिले बाइट तपासूं लागल्या. जी.आय.एफ. चित्राच्या आरंभीं त्याच्या आवृत्तीचें नांव सहा अक्षरांत लिहिलेलें असतें, तें पाहावें. परंतु तीं सहा अक्षरें आरंभीं लिहून त्यापुढें पी.एच.पी.ची आज्ञावली ठेवणें कठीण नाहीं. अशी फाइल चित्र म्हणून तपासणींतून सुटते, आणि तिच्या नांवाला पी.एच.पी.चें शेपूट असलें तर सर्व्हर ती दाखविण्याऐवजीं चालवितो. शेपूट तपासावें, तर अपाची ह्या प्रसिद्ध सर्व्हरच्या कांहीं मांडण्यांत एका नांवाला दोन शेपटें असलीं, तर शेवटचें चित्राचें असूनहि मधलें पी.एच.पी.चें शेपूट मानलें जाई. ह्यावर जो उपाय टिकला तो चिठ्ठी अधिक बारकाईनें वाचण्याचा नव्हे. आलेल्या फाइली अशा फोल्डरमध्यें ठेवाव्या, जेथें सर्व्हर कांहीं चालवीतच नाहीं, असा तो आहे. शक्य तर चित्र उलगडून नव्यानें रचावें, म्हणजे त्यांत लपविलेलें गळून पडतें. ह्याहि उपायाला मे २०१६ मध्यें दृष्ट लागली. चित्रें लहानमोठीं करण्यासाठीं असंख्य सर्व्हर वापरीत असलेल्या इमेजमॅजिक ह्या साधनांतच असा दोष निघाला कीं, मुद्दाम घडविलेलें "चित्र" त्याच्यापुढें ठेवलें तर त्यांतील आज्ञा सर्व्हरवर चालत.

आकाराची मर्यादा ही प्रथमपासूनची. पी.एच.पी.च्या मूळ मांडणींत एका फाइलीला २ मेगाबाइट व साऱ्या फॉर्माला ८ मेगाबाइट अशी ती आहे. दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला ३३,६०० बिट पाठविणाऱ्या मोडेमनें २ मेगाबाइट चढावयास आठ मिनिटांहून अधिक वेळ लागे, आणि तेवढ्यांत घरांत कोणीं दूरध्वनि उचलला तर सारें पाणी. म्हणून अर्धवट आलेल्या फाइलीसाठीं पी.एच.पी.मध्यें निराळा दोषक्रमांक आहे, ३. फॉर्माची एकूण मर्यादा ओलांडली, तर स्क्रिप्टला फाइलहि मिळत नाहीं व बाकीचे रकानेहि मिळत नाहींत. तिला वाटतें, अर्ज कोराच आला. अर्जदाराला "नांव भरलेलें नाहीं" असें उत्तर येतें व तो चक्रावून पुन्हां पुन्हां नांव भरीत बसतो. एका फेरींत फाइली किती असाव्या, ह्याला मात्र कित्येक वर्षें बंधनच नव्हतें. हजारों इवल्या फाइली एकदम धाडून देवडी तुंबवितां येते, हें ध्यानांत आल्यावर नोव्हेंबर २००९ मध्यें ती संख्या २० वर आणिली गेली.

जुन्या पहारेकऱ्यांपैकीं पुष्कळ आतां निवृत्त झाले आहेत. स्टाइन यांचा संच २०१५ सालीं पर्लच्या मूळ संचांतून वगळला गेला, व पायथन भाषेंतील तसलाच जुना विभाग ऑक्टोबर २०२४ मध्यें गेला. नोव्हेंबर २०२४ मध्यें निघालेल्या पी.एच.पी.च्या ८.४ ह्या आवृत्तीनें देवडीचें काम स्क्रिप्टनें स्वतः बोलावून करून घेण्याचीहि सोय दिली. नेबेल व मॅसिंटर यांचें पत्रक रद्द होऊन त्याच्या जागीं १९९८ सालीं व पुन्हां जुलै २०१५ मध्यें मॅसिंटर यांच्याच हातचीं नवीं पत्रकें आलीं. शेवटच्या पत्रकाचा क्रमांक ७५७८ आहे. रचना मात्र तीच राहिली आहे. घरांतल्या मुलाचें ५० किलोबाइटांचें छायाचित्र आजहि चिठ्ठी लावून, १९९५ सालीं सांगितलेल्या त्याच दोन सीमाचिन्हांच्या मधून पलीकडे जातें.